हिरवी उलटी आणि लांबचा रस्ता

प्रश्न असा आला आहे: "बालशल्यचिकित्सेचं माझं प्रशिक्षण संपत आलं आहे. पुढे शहरातल्या मोठ्या रुग्णालयात काम करायचं आणि आठवड्यातून एक दिवस ग्रामीण भागात ओपीडी घ्यायची, असं ठरवलंय. दोन्हीकडच्या कामात नेमका फरक काय पडतो? आणि लहान मुलांना वेगळा सर्जन कशाला लागतो, असं पालक विचारतात, त्यांना काय सांगायचं?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, पहिल्याचं त्यातूनच निघतं. तीन किलोच्या नवजात बाळाच्या अंगात साधारण २५० मिलिलिटर रक्त असतं. ऑपरेशनमध्ये त्यातलं २५ मिलिलिटर गेलं, तर मोठ्या माणसाचं अर्धा लिटर गेल्यासारखं होतं. अंगावर चरबी कमी आणि वजनाच्या मानाने कातडी जास्त, त्यामुळे उघडं ठेवलं की बाळ भराभर गार पडतं. यकृतात साखरेचा साठा थोडा, म्हणून उपाशी ठेवताना मोठ्यांचा नियम लावला तर साखर उतरते. हे तुम्हाला माहीतच आहे. पालकांना मी वेगळं सांगतो. मोठ्यांमध्ये जे झिजलं, कुजलं किंवा अडलं ते सर्जन बहुतेक वेळा काढून टाकतो. बाळांमध्ये पुष्कळदा जे घडायचंच राहून गेलंय ते घडवावं लागतं. कुणाची अन्ननलिका मध्येच संपलेली असते, कुणाला शीची जागाच नसते, कुणाची लघवी भलत्या ठिकाणाहून येते. आणि आपण जे घडवू, ते त्या अंगाबरोबर वाढायला हवं आणि पुढची साठ-सत्तर वर्षं चालायला हवं. एवढं सांगितलं की "वेगळा सर्जन कशाला" हा प्रश्न पुन्हा येत नाही.

आता शहर आणि खेडं. आजार दोन्हीकडे तेच असतात. बाळ आईच्या पोटात घडतं तेव्हा त्याला आपलं गाव माहीत नसतं. आमच्या विषयात मात्र प्रत्येक आजाराची स्वतःची एक मुदत असते. कुणाची काही तासांची, कुणाची काही आठवड्यांची, तर काही ठिकाणी उलट थांबणंच योग्य. ती मुदत पाळली जाते की नाही, हे बहुतेक वेळा मूल आपल्यासमोर येण्याआधीच ठरून गेलेलं असतं. म्हणून माझं ठाम मत आहे की बालशल्यचिकित्सकाचं निम्मं काम ऑपरेशन थिएटरबाहेरचं असतं, आणि ते तुम्ही केलं नाहीत तर थिएटरमधलं कौशल्य उशिरा येणाऱ्या मुलांच्या उपयोगी पडत नाही.

हिरवी उलटी घ्या. गर्भात आतडं काही आठवडे नाळेच्या मुळाशी, पोटाबाहेर वाढतं. परत आत येताना ते २७० अंशांत फिरतं आणि पोटाच्या मागच्या भिंतीला रुंद पायाने चिकटतं. हे फिरणं अर्धवट राहिलं, तर जवळजवळ सगळं लहान आतडं एका अरुंद देठावर लोंबकळत राहतं. आतड्याला रक्त पुरवणारी मुख्य वाहिनी त्याच देठात असते. देठाला पीळ पडला की वाहिनी आवळली जाते आणि काही तासांत सगळं आतडं मरू शकतं. पीळ पडलेलं बाळ बहुधा पहिल्याच महिन्यातलं असतं. आदल्या दिवसापर्यंत छान दूध पीत असतं, पोटही फारसं फुगलेलं नसतं. फक्त हिरवी उलटी होते. बोस्टनच्या विल्यम लॅड यांनी १९३६ साली यावरची शस्त्रक्रिया मांडली, आजही आपण तीच करतो: पीळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सोडवायचा, आडवे आलेले पडदे कापायचे, देठ पसरून रुंद करायचा. पीळ सोडवायला मिनिटभरसुद्धा लागत नाही.

एकाच आठवड्यात अशी दोन बाळं माझ्याकडे आली होती. एक लांबच्या खेड्यातलं, दहा दिवसांचं. तिथल्या परिचारिकेने उलटीने हिरवं झालेलं ओलं दुपटं पाहिलं आणि कुणाची वाट न पाहता बाळाच्या नाकातून पोटात नळी टाकली, दूध बंद केलं, सलाईन लावलं आणि गाडीत बसवलं. पोचायला पाच तास लागले. पोट उघडलं तेव्हा आतडं जांभळं होतं. पीळ सोडवून गरम ओल्या कपड्यात गुंडाळून आम्ही थांबलो, आणि बघता बघता ते गुलाबी झालं. दुसरं बाळ रुग्णालयापासून चालत येण्याच्या अंतरावर राहणारं. दोन दिवसांत तीन दवाखाने झाले होते. तिन्ही ठिकाणी गॅसचे थेंब मिळाले होते. उलटीचा रंग कुणी विचारला नव्हता. त्याचं आतडं सुरुवातीपासून शेवटपर्यंत काळं होतं. त्या आईशी मी काय बोललो ते इथे लिहिणार नाही, पण तेव्हापासून अंतर मी किलोमीटरमध्ये मोजणं सोडलं.

म्हणून शहरात असो की खेड्यात, प्रत्येक प्रसूतिगृहात, प्रत्येक आरोग्यसेविकेला एकच वाक्य पाठ करून द्या: नवजात बाळाची हिरवी उलटी म्हणजे आतड्याचा पीळ, तो नाही हे सिद्ध होईपर्यंत. रंगाबद्दल विचारताना जपून विचारा. "पिवळी झाली" म्हणणाऱ्या आईच्या मनात लिंबाच्या सालीचा रंगही असू शकतो आणि गवताचाही. मी सांगतो, दुपटं धुऊ नका, सोबत आणा, निदान मोबाइलवर फोटो काढा. मुलाची शी लाल जेलीसारखी असेल तरी तेच. सहा-आठ महिन्यांचं बाळ थांबून थांबून कळवळून रडतं, पाय पोटाशी घेतं, मधल्या वेळात मलूल पडतं, तेव्हा आतड्यात आतडं शिरलेलं असू शकतं. वेळेवर आलं तर बहुतेकदा गुदद्वारातून हवा किंवा द्रव दाबाने सोडून ते मागे सारता येतं, पोट उघडावं लागत नाही. दोन दिवस जुलाबाचं औषध घेऊन आलं, तर आतड्याचा तुकडा काढावा लागण्याची वेळ येते.

त्या परिचारिकेने नळी टाकली होती, हे मी मुद्दाम लिहिलं. बाळ पाठवणं ही स्वतंत्र विद्या आहे, आणि ग्रामीण ओपीडीच्या दिवशी सगळ्यात आधी शिकवण्यासारखं तेच आहे. पोटात नळी असेल तर रस्त्यात उलटी होऊन ती श्वासनलिकेत जात नाही आणि आतडं फुगत नाही. अंगावर टोपी, मोजे, आईच्या छातीशी कातडीला कातडी, कारण ३५ अंशांवर आलेल्या बाळाला भूल देण्याआधी तासभर नुसतं ऊब देण्यातच जातो. निघण्याआधी साखर तपासलेली. तोंडातून सतत फेस येणारं, पहिल्याच घोटाला काळंनिळं पडणारं बाळ असेल, तर नळी घालून पाहायची. ती दहा-बारा सेंटिमीटरवर अडली तर अन्ननलिका जोडलेली नाही. त्याला काहीही पाजायचं नाही, डोकं वर धरायचं आणि दर काही मिनिटांनी लाळ ओढून काढायची. पोटाच्या भिंतीतल्या फटीतून आतडी बाहेर आलेली असतील तर त्यावर कोरडा कापूस किंवा कोरडं कापड नको. स्वच्छ, पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत काखेपर्यंत बाळ ठेवायचं आणि एका कुशीवर निजवायचं, म्हणजे आतड्यांचा भार देठावर येत नाही. पिशवीने ओलावा टिकतो, ऊब टिकते आणि आतड्याचा रंग दिसत राहतो. यातल्या कशालाही मोठं यंत्र लागत नाही.

याने किती फरक पडतो? द लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०२१ साली एक मोठा अभ्यास आला. ७४ देशांतली २६४ रुग्णालयं त्यात होती. पचनमार्गाचे जन्मजात दोष असलेल्या बाळांचं मृत्यूचं प्रमाण श्रीमंत देशांत ५.६ टक्के, मध्यम उत्पन्नाच्या देशांत २०.४ टक्के आणि गरीब देशांत ३९.८ टक्के निघालं. वर लिहिलेल्या, आतडी बाहेर असलेल्या बाळांमध्ये तर श्रीमंत देशांत १.४ टक्के आणि गरीब देशांत ९० टक्के. दोष तोच, आतडी तीच. या दरीत अतिदक्षता विभाग, शिरेतून दिलं जाणारं पोषण आणि भूलतज्ज्ञ यांचा मोठा वाटा आहे, ते एकट्या सर्जनच्या हातात नाही. पण बाळ गार पडून, जंतुसंसर्ग घेऊन आलं की नाही, याचाही वाटा आहे, आणि तो तुमच्या फोनच्या अंतरावर आहे. तुमचा नंबर आसपासच्या प्रत्येक प्रसूतिगृहात भिंतीवर असू द्या. रात्री दोनला विनाकारण आलेल्या फोनवर चिडू नका. एकदा चिडलात की कारण असलेला फोनही येत नाही.

हळू मुदतीचे आजार मला जास्त काळजीचे वाटतात, कारण त्यांत मूल खेळत असतं, दूध पीत असतं, कुणाला घाई वाटत नाही. बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही उतरली नाही आणि शी फिकट, मातकट पांढरी होऊ लागली, तर पित्तनलिका बंद असण्याची शक्यता असते. जपानच्या मोरिओ कासाई यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या शस्त्रक्रियेत यकृताच्या मुखाशी आतडं जोडून पित्ताला वाट करून देतात. ती जन्मानंतर साठ दिवसांच्या आत झाली तर यश मिळण्याची शक्यता चांगली. जसजसे दिवस जातात तसतसं यकृत कडक होत जातं आणि शेवटी यकृत बदलण्याखेरीज मार्ग उरत नाही. "बाळाला उन्हात धरा, जाईल कावीळ" हा सल्ला पहिल्या आठवड्यात घरोघरी मिळतो. सहाव्या आठवड्यातही तोच मिळत राहतो, आणि मुदत तिथे संपते. शीचा रंग विचारा. लसीकरणाला आलेल्या प्रत्येक बाळाच्या आईला तो विचारला जावा, यासाठी मी वर्षानुवर्षं लोकांच्या मागे लागलो आहे, तुम्हीही लागा.

जन्मल्यावर पहिल्या चोवीस तासांत शी झाली का, आणि शीची जागा आहे का, हे दोन प्रश्नही असेच. वाचायला साधे वाटतात. पण गुदद्वार नाही हे तिसऱ्या दिवशी, पोट फुगल्यावर कळलेली मुलं मी पाहिली आहेत. दोन्ही पाय वर धरून, उजेडात, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय "सगळं ठीक" लिहायचं नाही, ही सवय प्रसूतिगृहांना लावा.

वृषण खाली न उतरलेल्या मुलांत सहा महिन्यांपर्यंत वाट पाहायची, त्यानंतर ते आपणहून उतरणं क्वचितच होतं. सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान ऑपरेशन झालं पाहिजे. ग्रामीण ओपीडीत तुम्हाला बारा-तेरा वर्षांची मुलं दिसतील, कारण कुणी तरी "मोठा झाला की उतरेल" असं सांगितलेलं असतं. शहरात हेच वाक्य तितक्याच विश्वासाने सांगितलं जातं.

आणि मग पौगंडातला तो मुलगा, जो पोटात दुखतंय म्हणून येतो. त्याची चड्डी काढून तपासल्याशिवाय त्याला परत पाठवू नका. वृषणाला पीळ पडला असेल तर साधारण सहा तासांत तो सोडवला तर वृषण बहुधा वाचतं. निदान स्पष्ट असेल तर सोनोग्राफीच्या रांगेत त्यातला तास घालवू नका. मुलगा लाजेने सांगत नाही, आईसमोर तर नाहीच. सगळ्यांना बाहेर पाठवा, त्याला पाठ फिरवून बसू द्या, मग विचारा. शिकलेल्या घरातला मुलगाही हे सहजी सांगत नाही.

ज्यात थांबायचं असतं, त्यात शहराचा ताण जास्त जाणवतो. बेंबीचा हर्निया चार-पाच वर्षांपर्यंत बहुतेक मुलांत आपोआप बंद होतो. पट्टी बांधून काही होत नाही, कातडी मात्र खराब होते. अंडकोशातलं जन्मजात पाणी पुष्कळदा पहिल्या एक-दोन वर्षांत जिरतं. लहान मुलाची शिश्नावरची कातडी मागे सरकत नाही, हे त्या वयाचं लक्षण आहे, ओढाताण केली तर जखम होऊन खरंच घट्ट होते. अशा वेळी ऑपरेशन नको म्हणायला वेळ द्यावा लागतो. हो म्हणायला दोन मिनिटं पुरतात, नाही पटवून द्यायला वीस लागतात. ती वीस मिनिटं द्या. जांघेतला हर्निया मात्र या यादीतला नाही. तो आपोआप जात नाही, आणि विशेषतः लहान किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळात तो अडकायला वेळ लागत नाही. हे दोन हर्निये पालकांच्या मनात एकमेकांत मिसळतात, म्हणून बोट ठेवून, चित्र काढून सांगा.

भुलेबद्दल प्रत्येक घरातून विचारणा होते, आणि ती भीती खोटी म्हणून झटकू नये. १९८०च्या दशकापर्यंत नवजात बाळाला वेदना कळत नाहीत असं मानून पुष्कळ ठिकाणी पुरेशी भूल न देताच शस्त्रक्रिया होत असत. १९८७च्या सुमारास कंवलजीत आनंद यांच्या संशोधनाने दाखवलं की बाळाचं शरीर वेदनेला जोरदार प्रतिसाद देतं आणि नीट भूल दिली तर बाळं ऑपरेशन अधिक चांगलं सोसतात. पालक आता विचारतात ते मेंदूवरच्या परिणामाबद्दल. हर्नियाच्या बाळांवर झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, २०१९ साली, पाचव्या वर्षी तपासल्यावर असं दिसलं की बालवयात एका तासापेक्षा कमी वेळ दिलेल्या एकाच भुलेने बुद्धीत फरक पडलेला नव्हता. हे मी पालकांना जसंच्या तसं सांगतो. आणि उपाशी ठेवण्याचे तास कागदावर लिहून देतो: बाकीचं अन्न आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास आधी, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. लांबून येणाऱ्या घराला फक्त "उपाशी आणा" म्हटलं तर मूल आदल्या रात्रीपासून उपाशी येतं.

आता माझी एक चूक सांगतो, कारण दोन्हीकडच्या कामातला खरा फरक मला तिच्यातून कळला. गुदद्वार नसलेल्या पुष्कळ मुलांची शस्त्रक्रिया तीन टप्प्यांत होते. आधी पोटावर शीची वाट काढायची. काही आठवड्यांनी-महिन्यांनी खालची जागा तयार करायची, अल्बर्टो पेन्या आणि पीटर डी व्हरीस यांनी १९८२ साली मांडलेल्या पद्धतीने. मग नवी जागा रोज सळईने रुंद करत न्यायची आणि शेवटी पोटावरची वाट बंद करायची. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी हे वेळापत्रक सगळ्यांना सारखंच द्यायचो, जणू सगळे शेजारच्या गल्लीत राहतात. एक मुलगी पहिल्या टप्प्यानंतर आली ती थेट अडीच वर्षांची होऊन. पोटावरची कातडी सोलवटलेली, आतडं बाहेर घसरलेलं. मी वडिलांना सगळ्यांसमोर रागावलो. ते काही बोलले नाहीत. नंतर आईने आमच्या सिस्टरला सांगितलं: एका खेपेला दोन दिवसांची मजुरी जायची, घरच्या दुसऱ्या मुलाला कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न असायचा, पोटावर लावायच्या शीच्या पिशव्या तर पहिल्याच महिन्यात संपल्या होत्या, तिने फडकी बांधून दिवस काढले होते. मी यातलं एकही विचारलं नव्हतं.

तेव्हापासून पहिल्याच भेटीत विचारतो: यायला किती वेळ लागतो, शेवटची गाडी किती वाजता, घरी आणखी किती मुलं, सोबत कोण येऊ शकतं, आणि पैशांचा निर्णय घरात कोण घेतं. शेवटची व्यक्ती खोलीत नसेल तर फोनवर तिलाही समजावतो. पुष्कळदा ती आजी असते, आणि आजीला पटलं की कागद हरवत नाहीत. शक्य तिथे टप्पे कमी करतो. टाके आपोआप विरघळणारेच घालतो, म्हणजे ते काढायला खेप नको. जखमेचा फोटो पाठवून चालेल अशा भेटी फोनवर उरकतो. सळई घालायची कशी, हे आईला आमच्यासमोर तीनदा करायला लावल्याशिवाय घरी सोडत नाही. पिशवी मिळाली नाही तर मऊ फडकं कसं बांधायचं, कातडीला झिंकचं मलम कसं लावायचं, तेही दाखवतो. गावातल्या आरोग्यसेविकेचं नाव आणि नंबर केसपेपरच्या पहिल्या पानावर असतो. शहरातल्या घरांना यातलं काही लागत नाही असं समजू नका. भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्या, पाळीने काम करणाऱ्या आईबापांची अडचण वेगळी नसते, ती फक्त तुमच्या खिडकीतून दिसत नाही.

पाठीवर मणक्याची गाठ घेऊन जन्मलेल्या बाळांच्या घरी आणखी एक गोष्ट सांगायची राहून जाते, ती मूल बरं होऊन निघालं तरी सांगा. १९९१ साली ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत दिसलं, की अशा घरात पुढच्या गरोदरपणाच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं तर हा दोष पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी कमी होतो. दिवस राहिल्याचं कळल्यावर सुरू करून उपयोग होत नाही, कारण मणका पहिल्या चार आठवड्यांतच बंद होतो. या घरांत गोळीचा डोस नेहमीपेक्षा जास्त असतो, म्हणून चिठ्ठीवर तो स्वतः लिहून द्या.

तुमच्या ग्रामीण ओपीडीच्या पहिल्या दिवशी फार रुग्ण येणार नाहीत. तो दिवस वाया गेला असं समजू नका. जवळच्या प्रसूतिगृहात जा, तिथल्या परिचारिकांबरोबर बसा. नाकातून टाकायच्या लहान नळ्या आहेत का, कुठल्या मापाच्या आहेत, हे कपाट उघडून बघा. आठ नंबरच्या नसतील तर पुढच्या खेपेला घेऊन जा. मी अजूनही गाडीत एक पाकीट ठेवतो.